न खोदलेला कालवा

पनामा कालवा आपण सर्वजण भूगोलाच्या तासाला शिकवतो. पनामाच्या वायव्येला कोस्टा रिका आणि त्याला लागून निकाराग्वा. या निकाराग्वाचे नाव मात्र आपल्या वर्गात सहसा निघत नाही. वास्तविक एकोणिसाव्या शतकात जहाजवाले, अभियंते आणि राजकारणी यांच्यापैकी बहुतेकांची अशी खात्री होती, की अटलांटिक आणि प्रशांत महासागर जोडणारा कालवा होणार तो निकाराग्वातच. तो आजपर्यंत झालेला नाही. पण या न झालेल्या कालव्याने त्या देशाच्या इतिहासाला जेवढे हेलकावे दिले, तेवढे प्रत्यक्ष खोदलेल्या कालव्यांनीही क्वचितच कुठल्या देशाला दिले असतील.

२०१५ सालच्या सुरुवातीला आम्ही काही आठवडे निकाराग्वात होतो. तळ्याकाठी, नदीवर आणि जंगलात जे पाहिले आणि पुढे वाचनातून ज्याची संगती लागली, ते येथे मांडत आहोत. हा एका देशाचा सगळा इतिहास नव्हे; एका जलमार्गाची ही गोष्ट आहे. मासे, माणसे आणि राज्ये या तिघांचीही त्या वाटेवर गाठ पडते.

गोड पाण्याचा समुद्र

आधी नकाशा पाहू. निकाराग्वाच्या नैर्ऋत्य भागात एक प्रचंड तळे आहे. त्याचे स्थानिक नाव कोसिबोल्का. नकाशात निकाराग्वा सरोवर असे लिहिलेले असते. क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात बुडेल आणि वर थोडे पाणी उरेल. खोली मात्र फारशी नाही. सर्वांत खोल जागी सुमारे २६ मीटर. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून अवघी ३२ मीटर उंच.

आता दोन अंतरे लक्षात ठेवावीत. तळ्याचा पश्चिम काठ आणि प्रशांत महासागर यांच्यामध्ये रिवासची चिंचोळी पट्टी आहे. तिची रुंदी जेमतेम २० किलोमीटर. पण तळ्याचे पाणी तिकडे जात नाही. ते आग्नेय कोपऱ्यातून सान हुआन नदीवाटे बाहेर पडते आणि सुमारे २०० किलोमीटर वाहत उलट दिशेला कॅरिबियन समुद्राला मिळते. म्हणजे कॅरिबियनकडून नदीत शिरलेली होडी तळे ओलांडून प्रशांत महासागराच्या उंबरठ्यापर्यंत येऊ शकते. उरतात ते शेवटचे वीस किलोमीटर. निकाराग्वाची सारी कहाणी या वीस किलोमीटरांभोवती फिरते.

तळ्याच्या मधोमध ओमेतेपे नावाचे बेट आहे. नाहुआत्ल भाषेत या नावाचा अर्थ दोन डोंगर. डोंगर म्हणजे दोन ज्वालामुखी. त्यांतला कोन्सेप्सियोन १६०० मीटरहून उंच आणि जागृत, तर माडेरास थंडावलेला आणि जंगलाने झाकलेला. जानेवारी-फेब्रुवारीत वारा जोराचा असतो. त्या दिवसांत बेटाकडे जाताना आमची बोट अशी हेलकावत होती, की तळे आणि समुद्र यांतला फरक ओठाला लागलेल्या पाण्याच्या चवीवरूनच कळत होता. १५२३ साली हिल गोन्सालेस दाव्हिला हा स्पॅनिश सरदार येथे आला. त्यानेही हेच केले. घोडा पाण्यात घातला, पाणी पिऊन पाहिले आणि राजाला कळवले, की हा गोड पाण्याचा समुद्र आहे. पुढच्याच वर्षी, १५२४ मध्ये, स्पॅनिशांनी तळ्याकाठी ग्रानादा हे शहर वसवले. नदीमुळे हे आतले शहर थेट अटलांटिकचे बंदर झाले.

तळ्यातली मुशी

या तळ्याने जीवशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले ते त्यातल्या शार्क माशांमुळे. कोकण किनाऱ्यावर ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतात, त्याच कुळातले हे मासे. खाऱ्या पाण्यातला हा मासा समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत गोड्या पाण्यात काय करतो? १८७७ साली गिल आणि ब्रॅन्सफर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी ही शार्कची स्वतंत्र जात असल्याचे जाहीर केले आणि तिला निकाराग्वाचे नाव दिले. स्पष्टीकरणही पटण्यासारखे होते. हे तळे पूर्वी प्रशांत महासागराचा आखात असावे, ज्वालामुखींच्या राखेने व लाव्ह्याने त्याचे तोंड बंद झाले असावे, पुढे पावसाच्या पाण्याने ते हळूहळू गोडे झाले असावे आणि आत कोंडलेल्या शार्कनी त्याच्याशी जुळवून घेतले असावे. नदीत ठिकठिकाणी खडकाळ धावते पाणी असल्याने समुद्रातून शार्क वर चढत असतील, हे कोणाच्या मनात येत नव्हते.

ही कल्पना पुढे टिकली नाही. १९६१ मध्ये बिगेलो आणि श्रोडर यांनी शरीररचनेची तुलना करून दाखवले, की तळ्यातला शार्क आणि जगभरच्या उष्ण समुद्रांत आढळणारा बुल शार्क एकच आहे. मग प्रश्न उरला, की हे मासे तळ्यात अडकले आहेत की ये-जा करतात? अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे थॉमस थॉर्सन यांनी १९६६ पासून तळ्यातल्या आणि नदीच्या मुखाशी असलेल्या शार्कना क्रमांकाच्या खुणा लावून सोडायला सुरुवात केली. मुखाशी खूण केलेले मासे तळ्यात सापडले, तळ्यातले मुखाशी सापडले. काहींनी ही मजल सात ते अकरा दिवसांत मारली होती. धावत्या पाण्याचा अडथळा माशांना नव्हताच. तो आपल्या तर्काला होता.

पण गोडे पाणी त्यांना सोसते कसे? यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो. फुगलेला बेदाणा साखरेच्या घट्ट पाकात टाकला, की तो पुन्हा आकसतो. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. याला परासरण म्हणतात. समुद्रातल्या माशाची अवस्था पाकातल्या बेदाण्यासारखी असते. त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर जाऊ पाहते. शार्क यावर असा तोडगा काढतो: युरिया हा टाकाऊ पदार्थ तो रक्तातच साठवून ठेवतो. त्यामुळे रक्ताची दाटी समुद्राच्या पाण्याइतकी, किंबहुना किंचित जास्त होते आणि पाणी बाहेर जाणे थांबते. परंतु असा मासा गोड्या पाण्यात आला, तर उलटी आपत्ती ओढवेल. पाणी आत घुसत राहील. बुल शार्क गोड्या पाण्यात रक्तातला युरिया जवळजवळ निम्म्यावर आणतो, समुद्रात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथीचे काम मंदावतो आणि भरपूर पातळ मूत्र सोडत राहतो. हे साधणारे शार्क फार थोडे. आपल्याकडे गंगेतही बुल शार्क शिरतो. तिथल्या खऱ्या गंगा शार्कशी त्याची अनेकदा गल्लत होते.

नदीची वाट

शार्कला उघडी असलेली वाट माणसांनाही उघडी होती. १६६५ साली हेन्री मॉर्गन आणि त्याचे चाचे होड्यांतून नदी चढून आले आणि त्यांनी ग्रानादा लुटले. यानंतर स्पॅनिशांनी नदीच्या एका वळणावर, नेमक्या धावत्या पाण्याच्या वर, दगडी किल्ला बांधला. १६७५ मध्ये तो पुरा झाला. किल्ल्याशेजारच्या गावाचे नावच एल कास्तियो, म्हणजे किल्ला. किल्ल्यावर उभे राहिल्यावर जागेची निवड लगेच पटते. चढणाऱ्या होडीचा वेग येथे मंदावतोच. आम्ही गेलो तेव्हा इंजिनाच्या लांबट होडीलाही नावाडी खडक चुकवत जपून नेत होता.

१७८० मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्या मोहिमेत एकवीस वर्षांचा एक कप्तान होता, होरेशियो नेल्सन. किल्ला पडला, पण ताप आणि हगवणीने इतके सैनिक मेले, की तो सोडून परत जावे लागले. नेल्सनही मरता मरता वाचला. डासांमुळे ताप येतो हे कळायला अजून शंभरावर वर्षे लागणार होती.

१८२१ मध्ये मध्य अमेरिका स्पेनपासून स्वतंत्र झाली आणि १८३८ मध्ये निकाराग्वा स्वतंत्र प्रजासत्ताक बनले. दहाच वर्षांनी कॅलिफोर्नियात सोने सापडले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला जायला तेव्हा खंड ओलांडणारी रेल्वे नव्हती. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या आगबोटवाल्याने निकाराग्वाच्या सरकारकडून वाहतुकीचा मक्ता घेतला आणि १८५१ पासून त्याची सेवा सुरू झाली. नदीत छोट्या आगबोटी, धावत्या पाण्यापाशी उतरून चालायचे, तळ्यात मोठी आगबोट आणि शेवटचे ते वीस किलोमीटर घोडागाडीतून किंवा खेचरावर. हजारो लोक या वाटेने गेले. पुढे मार्क ट्वेन या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेखकानेही १८६६ च्या अखेरीस हाच प्रवास केला.

वाट किफायतशीर ठरली, की तिच्यावर ताबा मिळवू पाहणारेही येतात. १८५५ मध्ये विल्यम वॉकर नावाचा अमेरिकी साहसवीर साठेक भाडोत्री शिपाई घेऊन उतरला. त्याला निकाराग्वातल्याच एका पक्षाने यादवीत मदतीला बोलावले होते. तळ्यातल्या आगबोटीवरून त्याने ग्रानादा काबीज केले, १८५६ मध्ये स्वतःला राष्ट्राध्यक्ष घोषित केले आणि तिथे बंद झालेली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. त्याने व्हँडरबिल्टच्या कंपनीच्या बोटीही जप्त केल्या. ही चूक त्याला भोवली. व्हँडरबिल्टच्या माणसांच्या मदतीने कोस्टा रिकाच्या सैन्याने नदीवरच्या बोटी ताब्यात घेतल्या आणि वॉकरची रसद तुटली. माघार घेताना त्याच्या सैन्याने ग्रानादा जाळले. त्याच लढाईतून कॉलरा कोस्टा रिकात पोहोचला आणि त्या छोट्या देशाची आठ-दहा टक्के प्रजा त्यात गेली. १८६० मध्ये वॉकरला होन्डुरासमध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

खाणीवरचा निसर्गनिरीक्षक

याच नदीने १८६८ साली एक वेगळा प्रवासीही आला. थॉमस बेल्ट हा इंग्रज अभियंता चोन्तालेस भागातल्या सोन्याच्या खाणीवर व्यवस्थापक म्हणून चार वर्षे राहिला. खाणीच्या कामातून उरलेला वेळ त्याने मुंग्या, पक्षी आणि झाडे पाहण्यात घालवला. १८७४ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाची डार्विनने मनापासून वाखाणणी केली.

पाने कापून वारुळात नेणाऱ्या मुंग्या निकाराग्वात सर्वत्र दिसतात. पानांच्या हिरव्या तुकड्यांची रांग पायवाटेवरून सरकताना पाहिली, की मुंग्या ती पानेच खात असणार असे वाटते. बेल्टने वारूळ खणून पाहिले आणि निष्कर्ष काढला, की मुंग्या पाने खात नाहीत. त्या पानांच्या लगद्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात. म्हणजे त्या शेतकरी आहेत. पुढच्या संशोधनाने हे खरे ठरवले.

त्याचे दुसरे निरीक्षण बाभळीच्या एका भाईबंदाबद्दल आहे. या झाडाचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर आणि आतून पोकळ असतात. त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना मधुरस देते आणि पर्णिकांच्या टोकाला पौष्टिक कण देते. या कणांना आज बेल्टचेच नाव आहे. बेल्ट म्हणाला, की या मुंग्या म्हणजे झाडाने पोसलेले सैन्य आहे. अनेकांना ही कल्पनेची भरारी वाटली. जवळजवळ शंभर वर्षांनी डॅनियल जँझेन यांनी मेक्सिकोत काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या. ती झाडे किडींनी खाल्ली आणि वेलींनी झाकून टाकली. मुंग्या असलेली झाडे मात्र वाढत राहिली. निरीक्षणातून सुचलेले अनुमान आणि प्रयोगाने केलेली त्याची पडताळणी यांचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगायला दुसरे मिळणे कठीण.

एक टपाल तिकीट

आता पुन्हा कालव्याकडे वळू. १९०२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने प्रचंड बहुमताने निकाराग्वा कालव्याचे विधेयक मंजूर केले. पनामात फ्रेंचांचा प्रयत्न फसलेला होता. पण फ्रेंच कंपनीने आपल्या मालमत्तेची किंमत एकदम ४ कोटी डॉलरपर्यंत खाली आणली आणि पनामाचे पारडे जड होऊ लागले. त्यातच ८ मे रोजी मार्टिनिक बेटावरच्या मॉन्ट पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सुमारे २८ हजार माणसे काही मिनिटांत दगावली. पनामाची बाजू घेणारा फ्रेंच अभियंता बुनो-व्हारिया याने निकाराग्वाची टपाल तिकिटे गोळा केली. त्यांवर मोमोतोम्बो ज्वालामुखी धूर ओकताना दाखवला होता. प्रत्येक सिनेटरला त्याने एकेक तिकीट पाठवले. जूनमध्ये सिनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. केवळ तिकिटाने निर्णय फिरला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. किंमत, अंतर आणि फ्रेंचांनी अर्धवट केलेले काम ही कारणे होतीच. पण भूशास्त्रातल्या भीतीचा राजकारणात उपयोग कसा होतो, याचा हा नमुना आहे.

कालवा गेला, तरी निकाराग्वाची सुटका झाली नाही. आता दुसऱ्या कोणी तेथे कालवा काढू नये, ही अमेरिकेची काळजी होती. १९१२ मध्ये अमेरिकी नौसैनिक तेथे उतरले आणि मधला थोडा काळ सोडता १९३३ पर्यंत राहिले. १९१६ मध्ये मंजूर झालेल्या करारानुसार ३० लाख डॉलरच्या बदल्यात अमेरिकेने कालव्याचे हक्क कायमचे घेतले, खोदण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याला खोदू न देण्यासाठी. हा करार रद्द व्हायला १९७० उजाडले. नौसैनिकांविरुद्ध लढलेला आउगुस्तो सान्दिनो १९३४ मध्ये मारला गेला. त्याला मारणाऱ्या राष्ट्रीय रक्षक दलाचा प्रमुख सोमोसा पुढे सत्ताधीश झाला आणि त्याच्या घराण्याचा अंमल १९७९ पर्यंत चालला.

या राजवटीचा तळ्याशी थेट संबंध आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्रानादाला शार्कवर प्रक्रिया करणारा कारखाना निघाला आणि त्यात सोमोसा घराण्याचे हितसंबंध होते. पंख पूर्वेकडच्या देशांत सूपसाठी जात. करवतीसारखे लांब मुस्कट असलेला करवती मासाही या तळ्यात विपुल होता आणि तोही त्याच जाळ्यांत सापडे. उशिरा प्रौढ होणारे आणि थोडी पिले देणारे हे मासे अशा मासेमारीपुढे टिकत नाहीत. दहा वर्षांतच ते इतके घटले, की खुणा लावून मासे सोडणाऱ्या थॉर्सननाच १९८० च्या सुमारास मासेमारी थांबवण्यासाठी लिहावे लागले. आम्ही ग्रानादाच्या बाजारात एका म्हाताऱ्या कोळ्याला शार्कबद्दल विचारले. त्याने हात पसरून लांबी दाखवली आणि म्हणाला, की माझ्या नातवाने अजून एकही पाहिलेला नाही.

पाटी आणि बंदूक

१९७९ मध्ये सान्दिनोचे नाव घेणाऱ्या क्रांतिकारकांनी सोमोसा राजवट उलथवली. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे एक काम त्यांनी १९८० मध्ये केले. पाच महिने शाळा-महाविद्यालये बंद ठेवून सुमारे साठ हजार तरुणांना खेडोपाडी शिकवायला पाठवले. दिवसा शेतात काम, रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग. सरकारी आकड्यांप्रमाणे निरक्षरता ५० टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर आली. आकड्यांवर वाद आहेत. पण शहरातल्या एका पिढीने आपला देश प्रथमच पाहिला, यावर नाही.

लगेचच अमेरिकेच्या पाठिंब्याने प्रतिक्रांतिकारकांचे युद्ध सुरू झाले. बंदरांत सुरुंग पेरले गेले. निकाराग्वाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली आणि २७ जून १९८६ रोजी निकाल अमेरिकेविरुद्ध लागला. त्या वेळी न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नगेंद्र सिंह होते. अमेरिकेने निकाल मानला नाही. युद्धाचा एक अनपेक्षित परिणाम पूर्वेकडच्या जंगलांवर दिसला. सुरुंग आणि गोळीबाराच्या भीतीने लाकूडतोडे आणि गुरांचे मळेवाले मागे सरले आणि जंगल वाचले. १९९० मध्ये शांतता आली, तशी कुऱ्हाडही परतली. माणसांना हवी ती शांतता जंगलालाही पेलेल, अशी व्यवस्था कोणी केलेली नव्हती.

पुन्हा कालवा

२०१३ मध्ये निकाराग्वाच्या संसदेने एका चिनी उद्योगपतीच्या कंपनीला कालव्याचा पन्नास वर्षांचा आणि पुढे तेवढाच वाढवता येणारा मक्ता दिला. मार्ग २७८ किलोमीटरचा, त्यांतले १०५ किलोमीटर तळ्यातून. आम्ही गेलो त्याच्या थोडे आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, कामाचा नारळ फुटला होता. रिवासच्या रस्त्याकडेला भिंतींवर शेतकऱ्यांच्या विरोधाच्या घोषणा रंगवलेल्या होत्या.

शास्त्रज्ञांचे आक्षेप स्पष्ट होते. तळे उथळ आहे. मोठ्या जहाजांसाठी तळ उकरला, तर गाळ उठून पाणी गढूळ होणार. जलपाशांतून खारे पाणी आत येण्याचा धोका होता. आणि हे त्या भागातले गोड्या पाण्याचे सर्वांत मोठे भांडार. शिवाय निकाराग्वाचे मासे म्हणजे उत्क्रांतीची प्रयोगशाळा आहे. ग्रानादाजवळच्या आपोयो या ज्वालामुखी विवरातल्या तळ्यात सिक्लिड कुळातल्या एका माशापासून दहा हजार वर्षांहूनही कमी काळात नवी जात तयार झाल्याचे २००६ मध्ये आक्सेल मायर आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. परक्या माशांची भर पडली, की अशी प्रयोगशाळा मोडते. मत्स्यशेतीसाठी आणलेल्या तिलापियाने ते आधीच दाखवून दिले होते.

कालवा पुढे सरकला नाही. पैसा आला नाही आणि मे २०२४ मध्ये संसदेने मक्ता रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने मोठ्या तळ्याला वळसा घालणारा, ४४५ किलोमीटरचा नवा मार्ग मांडला. दरम्यान २०१८ च्या एप्रिलमध्ये सान हुआनच्या काठच्या इंदियो माईस अभयारण्यात आग लागली आणि पाच हजार हेक्टरहून अधिक जंगल जळाले. सरकारच्या ढिलाईविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. काही दिवसांतच निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाची त्यात भर पडली, आंदोलन देशभर पसरले आणि ते दडपताना तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये मानाग्वाचे मध्य अमेरिकी विद्यापीठ सरकारने जप्त केले. तळ्याचे मोजमाप घेणारे आणि जंगलावर बोलणारे लोक आज मोठ्या संख्येने देशाबाहेर आहेत. थॉर्सननी सतत नोंदी ठेवल्या म्हणून शार्क किती घटले हे कळले. नोंदी ठेवणारे नसतील, तर पुढची घट कोणाच्या लक्षात येणार, हा आज त्या तळ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

वर्गात नकाशा टांगलेला असेल, तर विद्यार्थ्यांना सान हुआनच्या मुखावर बोट ठेवायला सांगावे आणि ते नदीवरून तळ्यात, तळ्यातून रिवासपर्यंत न्यायला सांगावे. या वाटेने कोण कोण आले, त्याची यादी फळ्यावर करावी: शार्क, चाचे, नेल्सन, सोने शोधणारे, वॉकर, बेल्ट. त्यांतले कोण काय घेऊन गेले आणि कोण काय ठेवून गेले, हे विचारावे. शेवटचे वीस किलोमीटर मात्र बोटाला जमिनीवरूनच न्यावे लागतील.